घरच्या घरी स्वतःचे केस कापणे : ऐरोलीतील प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

या प्रकल्पाचा हेतू मर्यादित आहे. डोक्याच्या बाजूंचे आणि मागचे केस आखूड, माथ्यावरचे साधारण ५ सेंटीमीटर आणि या दोहोंमधला चढ कुठेही पायरी न दिसता मिसळलेला, असा रोजच्या वापरातला साधा कट घरी, स्वतःच्या हाताने, दर तीन आठवड्यांनी करता यावा, एवढेच साधायचे आहे. ऐरोलीहून ठाणे-बेलापूर रस्त्याने दुचाकीवर रोज ये-जा करायची म्हटल्यावर हेल्मेटखालचे केस वेळच्या वेळी कापलेले असावेच लागतात. पावसाळ्यात कानामागचे आणि मानेवरचे केस दिवसभर ओलसर राहतात, आणि त्या ओलीत नायट्यासारख्या त्वचेच्या तक्रारींना आयतेच निमंत्रण मिळते.

तीन आठवड्यांची मुदत हिशोबाने ठरवली आहे. डोक्यावरचा केस महिन्याला सरासरी १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे तीन आठवड्यांत ७ ते ९ मिलीमीटर. माथ्यावरच्या ५ सेंटीमीटर केसांत एवढी भर पडली तर ती सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही. पण कानावरचे केस ६ मिलीमीटरवर कापलेले असतील, तर तेवढ्याच दिवसांत त्यांची लांबी दुपटीच्या पुढे जाते. केस वाढून अवतार झाला असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा फक्त बाजू वाढलेल्या असतात आणि माथा अजून ठीक असतो. म्हणून बाजूंचे काम प्रत्येक खेपेला करायचे आणि माथ्याला एकाआड एक खेपेलाच कात्री लावायची, असे ठरवले आहे.

४ जून २०२५, बुधवार

आज ठाणे स्टेशनबाहेरच्या बाजारात सलूनचे सामान ठेवणाऱ्या दुकानातून धोकटीपुरते साहित्य आणले : बॅटरीवर चालणारे केस कापायचे मशीन आणि त्याचे गार्ड (केस किती लांब ठेवायचा ते ठरवणारे, पात्यावर बसवायचे दातेरी टोपण), साडेपाच इंची कात्री, एका बाजूला बारीक व दुसऱ्या बाजूला विरळ दात असलेला कंगवा, पाण्याची फवारणी बाटली आणि मानेवरचे केस झटकायचा मऊ ब्रश.

मशीनची निवड करताना थोडा विचार करावा लागला. वायरीवर चालणारी जुन्या धाटणीची मशीन विद्युतचुंबकावर चालतात. हा प्रकार अमेरिकेत लिओ वॉल यांनी १९२० च्या सुमारास व्यवहारात आणला आणि आजही अनेक कारागीर त्याच्यावरच विसंबतात. अशा मशीनचे वरचे पाते विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा हलते, म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर सेकंदाला १०० वेळा. परदेशातून कुणी प्रेमाने आणून दिलेले ११० व्होल्टचे चुंबकी मशीन येथे कन्व्हर्टर लावूनही नीट का चालत नाही, याचे उत्तर यातच आहे : कन्व्हर्टर व्होल्टेज बदलतो, पण ते मशीन ६० हर्ट्झसाठी जुळवलेले असते आणि वारंवारता तशीच राहते. मला मात्र वायरच नको होती. हात डोक्यामागे नेला की वायर खांद्यावरून मानेवर येते आणि नेमक्या नाजूक जागी मशीनला ओढ बसते, म्हणून बॅटरीचे मशीन घेतले.

गार्डचे आकडे एकदा समजले की गोंधळ उरत नाही. प्रत्येक आकडा इंचाचा आठवा भाग मोजतो; त्यामुळे १ नंबर म्हणजे सुमारे ३ मिलीमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे साधारण १० आणि ४ म्हणजे १३ मिलीमीटर. सलूनमध्ये आपण 'साइडला दोन नंबर' म्हणतो तो हाच आकडा. मशीनच्या कडेला जो लहान लिव्हर असतो तो उघडा ठेवला की कापलेल्या केसाची लांबी आणखी एक-दीड मिलीमीटरने वाढते, म्हणजे दोन गार्डच्या मधल्या मापासाठी तोच कामाला येतो.

कात्रीबाबत तडजोड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केसाची जाडी मिलीमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. कागदाची किंवा बोथटलेली कात्री एवढा बारीक केस कापण्याआधी पात्यांमध्ये दुमडते, चेचते, आणि मग त्याचे टोक फुटते.

८ जून २०२५, रविवार

आजचा पूर्ण दिवस आरसा आणि उजेड यांवर घालवला, आणि या प्रकल्पात सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे अशी माझी खात्री झाली आहे. स्वतःचे केस कापताना अडचण हाताची नसते. हात काय करतो आहे ते दिसत नाही, ही खरी अडचण असते. आणि ज्याला दिसते त्याला साध्या मशीननेही जमते. खर्च करायचाच असेल तर आधी आरशावर करावा, मशीनवर नंतर.

आमच्या सिडकोच्या घरातले न्हाणीघर अरुंद आहे. बेसिनवरचा आरसा समोर आहे, आणि मागचे डोके पाहण्यासाठी दुसरा आरसा पाठीमागे हवा. तो हातात धरला तर मशीनसाठी एकच हात उरतो आणि केस उचलायला, कान दुमडायला हात राहत नाही. म्हणून दाढीसाठी मिळतो तसा घडीच्या दांड्याचा आरसा दाराच्या चौकटीवर, डोक्याच्या उंचीला बसवला. तो समोरच्या आरशाशी अगदी समांतर ठेवला तर मध्ये स्वतःचेच डोके येऊन काही दिसत नाही. थोडा कडेला सरकवून तिरपा केला की मान, कानामागचा भाग आणि भोवरा एका दृष्टिक्षेपात येतात.

दोन आरशांतून दिसणारी प्रतिमा दोनदा उलटून पुन्हा सुलटी होते. पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाला जसे दिसेल तसेच आपल्याला दिसते, उजवा हात उजवीकडेच सरकतो. फसवते ते जवळ-दूरचे अंतर : मशीन डोक्याला टेकले आहे की बोटभर दूर आहे, हे डोळा सांगू शकत नाही. यावर उपाय स्पर्शाचा आहे. रिकाम्या हाताचे बोट जिथे काम करायचे तिथे टेकवून ठेवायचे आणि मशीन त्या बोटापर्यंत आणायचे.

चष्मा लावणाऱ्यांसाठी एक बाब सविस्तर लिहितो, कारण ती कुठे सांगितलेली मला आढळली नाही. कानाभोवती काम करताना चष्मा काढावाच लागतो. माझा नंबर उणे २ आहे, म्हणजे चष्म्याविना मला ५० सेंटीमीटरपर्यंतच स्पष्ट दिसते. पण आरशातली प्रतिमा आरशाच्या जितके पुढे आपण असतो तितकीच त्याच्या मागे असते. त्यामुळे आरसा २५ सेंटीमीटरवर असेल तरच प्रतिमा ५० सेंटीमीटरवर पडते आणि केसाची कड स्पष्ट दिसते. उणे ३ नंबरवाल्याला आरसा १६-१७ सेंटीमीटरवर आणावा लागेल. मोठे करून दाखवणारा अंतर्गोल आरसा येथे उपयोगाचा नाही, कारण त्यातली प्रतिमा अधिक मागे पडते आणि लघुदृष्टीच्या माणसाला ती आणखी धूसर दिसते. याउलट मानेमागचा भाग दोन आरशांतून पाहताना प्रकाशाचा एकूण प्रवास मीटरभराच्या पुढे जातो, म्हणून ते काम चष्मा लावूनच करायचे. यावरून कामाचा क्रमही आपोआप ठरला : आधी चष्म्यासह मागचा भाग, मग चष्मा काढून कानाभोवतीचा.

उजेडाचे थोडक्यात. छतावरच्या ट्यूबलाइटचा प्रकाश वरून पडतो आणि डोके जिथे रुंद होते त्याच्या खाली सावली धरतो. ती सावली न कापलेल्या केसांच्या पट्ट्यासारखी दिसते. आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर पांढऱ्या प्रकाशाचे दोन एलईडी बल्ब लावल्यावर ती नाहीशी झाली.

१५ जून २०२५, रविवार

बाजू आणि मागचा भाग कापला. काल रात्री केस धुऊन पूर्ण वाळवले होते आणि सकाळी तेल लावले नाही. गार्ड लावून मशीन चालवायचे तर केस कोरडे आणि मोकळेच हवेत. ओला किंवा तेलकट केस डोक्याला चिकटून राहतो, गार्डच्या दातांत उभा राहत नाही, आणि मग एकाच जागी तीन लांब्या राहून जातात.

प्रथम ४ नंबर सगळीकडे फिरवला, डोक्याचे वळण सुरू होते तिथपर्यंत. हे वळण शोधण्याची सोपी रीत अशी की कंगवा कानावर उभा, डोक्याला सपाट टेकवायचा. वरच्या बाजूला जिथे कंगवा आणि डोके यांच्यात फट पडू लागते तिथे बाजू संपते आणि माथा सुरू होतो. मशीन त्या जागी पोहोचले की डोक्याच्या गोलाईबरोबर आत वळू द्यायचे नाही, सरळ वर बाहेर काढायचे. नंतर २ नंबर खालून कानाच्या वरच्या टोकापर्यंत, आणि शेवटी ३ नंबर मधल्या दोन बोटे रुंद पट्ट्यात, मशीनची टाच टेकवून पुढचा भाग हळूहळू उचलत.

मशीन नेहमी वाढीच्या विरुद्ध दिशेने चालवायचे असते, आणि मानेवर ती दिशा एक नसते. माझ्या मानेच्या डाव्या बाजूचे केस सरळ खाली न उतरता मध्याकडे, काही ठिकाणी चक्क आडवे वाढतात. बोटाचे टोक चहूकडे फिरवून पाहिले की ज्या बाजूने खरखर लागते ती विरुद्ध दिशा असते, आणि जिथे बोट गुळगुळीत सरकते तिकडे केस झोपलेला असतो. आरशापेक्षा हे बोट अधिक विश्वासाचे ठरले. त्या भागात मशीन खालून वर न नेता उजवीकडून डावीकडे नेले, आणि राहिलेले झुपके तेव्हाच गेले.

१७ जून २०२५, मंगळवार

नुकत्याच कापलेल्या केसांवर लगेच दुरुस्ती करू नये. एकदा डोके धुऊन, एक दिवस हेल्मेट घालून झाले की केस आपल्या जागी बसतात, आणि मगच काय राहिले आहे ते दिसते. उजव्या कानावर एक गडद पट्टा जाणवत होता. बल्ब एकेक करून बंद केले, मान फिरवली, तरी पट्टा तिथेच राहिला, म्हणजे ती सावली नव्हती. कंगव्याने केस उभे करून पाहता २ आणि ३ नंबरच्या सीमेवर केस दाट होते. २ नंबरचा गार्ड ठेवून लिव्हर उघडला आणि मशीनची फक्त कड त्या रेषेवरून हलकेच फिरवली. अशा ठिकाणी सबंध रुंदीने मशीन चालवले तर पट्टा जातो आणि त्याच्या जागी खड्डा येतो.

५ जुलै २०२५, शनिवार

तीन आठवडे उद्या पूर्ण होतात, पण उद्या आषाढी एकादशी असल्याने काम आजच उरकले. बाजू पूर्वीप्रमाणेच केल्या. आज माथाही घेतला.

माथ्यावर कात्री चालवायची तर केस दमट हवेत. पाण्याने केसातले हायड्रोजन बंध सैल होतात, केस लवचीक होतो, ताणला की लांबतो आणि वाळल्यावर पुन्हा आखडतो. लाटदार केसांत हा फरक अधिक असतो. म्हणून ओल्या केसावर ठरलेल्या मापापेक्षा अर्धा सेंटीमीटर जास्त ठेवून कापले आणि वाळल्यावर हवे तेवढे उतरवले. मापाला हाताची तीन बोटे पुरतात; माझ्या तीन बोटांची रुंदी जवळजवळ ५ सेंटीमीटर भरते.

कपाळापासून भोवऱ्यापर्यंत मधोमध एक पट्टा वेगळा काढला, पुढची बट बोटांत सरळ वर धरली आणि कात्री आडवी न लावता उभी धरून टोके थोडी थोडी टिपली. आडव्या कापाने सरळ रेघ उमटते आणि ती आखूड केसांत लपत नाही. पुढची बट घेताना आधीच्या बटेतले थोडे केस सोबत धरायचे, म्हणजे तेच माप पुढे सरकत राहते. येथे एक तत्त्व लक्षात ठेवावे लागते : केस जिथे उगवला आहे तिथून दूर ओढून कापला तर सोडल्यावर तो लांब राहतो. स्वतःचे केस कापताना हात थकला की मागचे केस नकळत पुढे ओढले जातात आणि मागची लांबी वाढत जाते. म्हणून हात थकू लागला की थांबावे, कोपर बेसिनवर टेकवून विश्रांती घ्यावी आणि मगच पुढची बट घ्यावी.

भोवऱ्याजवळ मात्र हेच तत्त्व मुद्दाम वापरले. बहुतेकांचा भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, माझाही तसाच आहे, आणि त्याच्या मध्यातले केस एका मर्यादेखाली गेले की आडवे पडायचे सोडून उभे राहतात. आमच्या नाक्यावरच्या सलूनमधल्या ज्येष्ठ कारागिरांना मी याबद्दल विचारले होते. ते म्हणाले, "भोवऱ्याला शेवटी हात लावा, दादा. तिथले केस मोजून कापायचे नसतात, बघून कापायचे." त्यानुसार भोवऱ्यातले केस किंचित पुढे ओढून टिपले, म्हणजे ते आजूबाजूच्यांपेक्षा थोडे लांब राहिले आणि आपल्या वजनानेच खाली बसले.

२३ जुलै २०२५, बुधवार

उद्या दीप अमावस्या आणि परवापासून श्रावण. श्रावणात केस न कापण्याची आमच्या घरी रीत आहे आणि ती पाळायची आहे, म्हणून आजचा कट महिन्याहून जास्त टिकला पाहिजे. खालच्या भागाला २ ऐवजी १ नंबर लावला. २ नंबरचे केस तीन आठवड्यांत ६ चे १३ ते १५ मिलीमीटर होतात. १ नंबरचे ३ मिलीमीटरपासून निघून साडेचार आठवड्यांनी जवळपास तिथेच पोहोचतील. मधल्या चढासाठी मात्र २ आणि ३ असे दोन्ही गार्ड लागले, कारण १ वरून थेट ४ वर जाताना पायरी लपवणे अवघड असते.

१० ऑगस्ट २०२५, रविवार

श्रावणात कात्री-मशीन बंद आहे, म्हणून वाढ कशी होते तेवढे पाहतो आहे. डोक्याची मागची आणि दोन्ही बाजूंची बाह्याकृती कागदावर काढून त्यावर बाणांनी केसांच्या दिशा नोंदवल्या. भोवरा, मानेच्या डाव्या बाजूचा आडवा पट्टा, उजव्या कानशिलाजवळ पुढे येणारे केस, हे सगळे एका कागदावर आले. कापलेल्या डोक्यावर या दिशा जेवढ्या दिसतात त्यापेक्षा दीड-दोन आठवड्यांच्या वाढीवर कितीतरी स्पष्ट दिसतात. ज्याला हे काम शिकायचे आहे त्याने मशीन विकत घेण्याआधी असा नकाशा काढावा, असे मी आग्रहाने सांगेन.

वाढ सगळीकडे सारखी दिसत नाही, याचेही कारण आहे. एका वेळी डोक्यावरचे साधारण ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात, बाकीचे थांबलेले किंवा गळण्याच्या बेतात असतात, आणि रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. म्हणून महिनाभराने एखादी बट पुढे आलेली दिसली तरी मागचा कट बिघडला होता असा निष्कर्ष काढू नये.

२० ऑगस्ट २०२५, बुधवार

दोन दिवस धो धो पाऊस होता, आज उघडीप मिळाली. मशीनची पाती जुळवून घेण्यासाठी नाक्यावरच्या सलूनमध्ये गेलो. आज श्रावण वद्य द्वादशी, संत सेना महाराजांची पुण्यतिथी. दुकानात त्यांच्या तसबिरीला ताजा हार घातला होता. मशीनच्या दोन पात्यांपैकी खालचे स्थिर पाते नेहमी थोडे पुढे आणि वरचे हलते पाते किंचित मागे, दोन्ही कडा एकमेकींना समांतर असाव्या लागतात. हलते पाते पुढे आले किंवा तिरके बसले तर ते थेट त्वचेला लागते. कारागिरांनी स्क्रू सैल करून, पाते नखाने सरकवून, उजेडाकडे धरून रेघ जुळवली. पाती धुतल्यावर किंवा बदलल्यावर हे दर वेळी पाहायचे असते, आणि गार्डविना मानेवर मशीन नेण्यापूर्वी तर नक्कीच.

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

श्रावण काल संपला, बुधवारी गणपती. आज बाजू, मागचा भाग आणि माथा असा पूर्ण कट केला. दिशांचा नकाशा आरशाशेजारी चिकटवला होता, त्यामुळे मानेवर कुठे आडवे जायचे हे शोधण्यात वेळ गेला नाही.

कल्ले सारखे करताना कानाचा आधार घेऊ नये. दोन्ही कान क्वचितच एका पातळीत असतात. आरशात सरळ पाहून दोन्ही तर्जन्या कल्ल्यांच्या खालच्या कडेला आडव्या टेकवायच्या आणि डोळ्यांच्या रेषेशी ताडून पाहायच्या.

मानेवरची शेवटची रेघ मात्र मी स्वतः मारत नाही, आणि कुणी मारू नये असेच मला वाटते. दोन आरशांत तिरपेपणा कळत नाही, कारण पाहताना डोके थोडे तरी कलतेच. ते काम पत्नी करते. मी सवयीने मान खाली घातली तेव्हा ती म्हणाली, "खाली नको, समोर बघ. तू मान वाकवलीस की रेघ वर सरकते." तिचे म्हणणे अचूक आहे : मान वाकली की त्वचा ताणली जाते, आणि मान सरळ होताच रेघ ठरवल्या जागी राहत नाही. समोर पाहत असताना रेघ ठरवायची, आणि फक्त तिच्या खालचे केस काढतेवेळी मान वाकवायची.

आवराआवर. खाली वर्तमानपत्र पसरलेले होते. उरलेले केस आधी कोरडेच झाडून घेतले आणि मगच फरशी धुतली. केस पाण्यात विरघळत नाही, नहाणीच्या जाळीतून खाली गेला की साबणाच्या मळाबरोबर गुंता धरून बसतो. कापलेल्या केसांत सुमारे १५ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून थोडे केस कुंडीतल्या मातीत मिसळता येतात, मात्र ते कुजायला फार वेळ घेतात. मशीनची पाती ब्रशने साफ करून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, वाळल्यावर तेलाचे दोन थेंब सोडून अर्धा मिनिट चालवली. पावसाळ्यात नायटा एका डोक्यावरून दुसऱ्यावर जायला अशीच पाती कारणीभूत होतात, म्हणून हे मशीन घरातही दुसऱ्या कुणाला देत नाही.

डाव्या कानामागचा भाग अजून मनासारखा होत नाही. उजवा हात डोक्यामागून तिथवर नेला की मनगट वळते आणि मशीन सपाट टेकत नाही. पुढच्या खेपेला ती जागा डाव्या हाताने करून पाहायची आहे. त्यासाठी घडीचा आरसा चौकटीच्या दुसऱ्या बाजूला न्यावा लागेल. तिथे स्क्रूची जागा पेन्सिलीने आखून ठेवली आहे, आणि गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर तो बसवून घेईन.